हात थरथरत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी काय पाहून ठेवावे

हात कापू लागला की घरचे लगेच कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, नाव घेतात. परंतु थरथरीची कारणे अनेक असतात आणि निदान बहुतांशी निरीक्षणावरच ठरते. मात्र एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला किंवा तोंड वाकडे झाले, तर निरीक्षण करीत न बसता तत्काळ १०८ ला फोन करावा.

प्रथम कंप केव्हा होतो ते पाहावे. रुग्णाचे हात मांडीवर सैल ठेवून त्याला शंभरातून सात-सात वजा करायला लावावे. मन गुंतले की विश्रांतीतला कंप उघड होतो. अंगठा तर्जनीवर विडी वळल्यासारखा फिरत असेल (सोलापुरात ही हालचाल कोणाला समजावून सांगावी लागत नाही) आणि सुरुवात एकाच हातापासून झाली असेल, तर पार्किन्सनचा संशय बळावतो. या आजारात मेंदूतील डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी क्षीण होतात. उलट, स्वस्थ बसलेले हात स्थिर असून कपबशी उचलताच चहा सांडत असेल आणि घराण्यात आणखी कोणाला तसा त्रास असेल, तर तो बहुधा एसेन्शियल ट्रेमर असतो.

दर आठवड्याला एकाच वहीत तेच वाक्य लिहून घ्यावे, म्हणजे पार्किन्सनमध्ये होते तसे अक्षर बारीक होत चालले आहे का ते कळते. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे पार्किन्सनमध्ये कंपाच्या कित्येक वर्षे आधीपासून असू शकतात, पण विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

सिव्हिलच्या ओपीडीत जाताना चालू गोळ्यांची सर्व पाकिटे आणि कंपाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत न्यावा. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड किंवा चक्करेवरील फ्लुनारिझिन यांमुळेही पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात, आणि चक्करेची गोळी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तरीही कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. थायरॉइडच्या बिघाडानेही हात कापतो, म्हणून त्याची तपासणी करून घ्यावी. चाळिशीच्या आतील रुग्णात शरीरात तांबे साठवणाऱ्या विल्सनच्या आजाराबद्दलही विचारावे, कारण तो वेळीच ओळखल्यास उपचारांनी आटोक्यात येतो.

पार्किन्सनवरील लेव्होडोपा ही गोळी सुरू झाल्यास ती शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण डाळ, दूध, शेंगाचटणी यांतील प्रथिने तिच्या शोषणात अडथळा आणतात. मळमळ होत असेल, तर वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.