अमेरिकेचा पुढचा राष्ट्राध्यक्ष कोण? अंदाज बांधायचा तर नाव शेवटी लिहा

गुहागर तालुक्यात अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आपल्याला काय करायचंय त्याचं?" मी हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवलं आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर मी इथल्याच गोष्टींतून देते. अंजनवेलचा, एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प बंद पडला, तेव्हा जून २००१ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी वॉशिंग्टनमध्ये सोनिया गांधींकडे त्या प्रकल्पाच्या थकबाकीचा विषय काढला होता. मार्च २००६ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) दिल्लीला आले, आणि २००७ च्या हंगामात भारतीय आंबा अठरा वर्षांनी अमेरिकेत उतरला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क बसलं, त्यात कोळंबीही आली. वेळदूरच्या मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही. तेव्हा तिथे पुढे कोण बसणार याचा विचार आपण करायलाच हवा, फक्त तो रीतीने करावा.

वाचनालयात आम्ही काहीजण हा अंदाज वहीत मांडतो. नेम एकच: नाव शेवटी लिहायचं. आधी नियम, मग पद, मग राज्यं, मग तारखा. टीव्हीवर उलटं चालतं. एक चेहरा आवडतो आणि मग त्याच्यासाठी कारणं गोळा केली जातात.

सुरुवात खोडण्यापासून करा. अमेरिकेच्या राज्यघटनेला तीन गोष्टी लागतात: उमेदवार जन्मतः अमेरिकन नागरिक हवा, वय किमान ३५ हवं आणि देशात १४ वर्षं वास्तव्य हवं. एक मच्छीमार काका मला विचारत होते, "काय ओ बाई, तो न्यूयॉर्कचा महापौर ममदानी होईल काय प्रेसिडेंट?" नाही होणार. जोहरान ममदानींचा जन्म युगांडातल्या कंपालाचा. इलॉन मस्क दक्षिण आफ्रिकेत जन्मले, तेही बाद. मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेलेले आपले बेळगावचे श्री ठाणेदार, त्यांचंही नाव इथेच थांबतं. उलट रिपब्लिकन नेते विवेक रामस्वामी ओहायोत जन्मलेले, म्हणून पात्र. न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅट नेत्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये पस्तिशी गाठली, त्याही पात्र. १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही, म्हणून ट्रम्प यांचं नाव खोडा. एवढ्यानेच गावगप्पांतली निम्मी नावं जातात.

आता पदं बघा. उपाध्यक्ष हा सगळ्यात जवळचा माणूस वाटतो, आणि पंधरा उपाध्यक्ष पुढे अध्यक्ष झालेही. पण त्यातले आठ अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि जेराल्ड फोर्ड १९७४ मध्ये निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे त्या खुर्चीत बसले. पदावर असलेला उपाध्यक्ष थेट निवडणूक जिंकून अध्यक्ष झाला, असं १८३६ नंतर फक्त एकदा घडलं, १९८८ मध्ये थोरल्या बुश यांच्या बाबतीत. निक्सन १९६० मध्ये हरले, हम्फ्री १९६८ मध्ये, अल गोर २००० मध्ये, कमला हॅरिस २०२४ मध्ये. म्हणून ट्रम्प यांचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स पक्षाची उमेदवारी मिळवतील असं मानायला जागा आहे, पण उमेदवारी आणि विजय हे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ही एक शिस्त पाळली तरी अंदाज पुष्कळ सुधारतो.

गव्हर्नरांना मी जास्त वजन देते. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख. १९७६ ते २००४ या काळात १९८८ सोडलं तर प्रत्येक निवडणूक आजी किंवा माजी गव्हर्नरने जिंकली: कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश. काँग्रेसच्या वरच्या सभागृहातून, सिनेटच्या बाकावरून, थेट व्हाइट हाउसमध्ये गेले ते हार्डिंग, केनेडी आणि ओबामा, एवढेच. खालच्या सभागृहातून, म्हणजे प्रतिनिधीगृहातून, थेट गेलेले एकटे गारफील्ड, तेही १८८० मध्ये. गव्हर्नरने अर्थसंकल्प चालवलेला असतो, वादळात आणि पुरात लोकांसमोर उभा राहिलेला असतो, आणि वॉशिंग्टनच्या भांडणांत त्याचं मतदान नोंदलेलं नसतं. मतदाराला हे कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं पान, राज्यांचं. अमेरिकेत देशभरातल्या मतांची एकत्र बेरीज होऊन अध्यक्ष ठरत नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त होती, तरी त्या हरल्या. प्रत्येक राज्याला ठरावीक मतं असतात आणि त्यांच्या बेरजेवर अध्यक्ष ठरतो, याला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. ही मतं ५३८, जिंकायला हवीत २७०. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याची सगळी मतं. फ्लोरिडात २००० साली फरक ५३७ मतांचा होता. आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या वाडीचं मतदान तेवढं असतं, आणि तेवढ्यावर सगळ्या देशाचा निकाल फिरला.

कागद-पेन्सिल घेऊन हे गणित स्वतः करा. २०२४ मध्ये हॅरिस यांना २२६ मतं मिळाली. २०२८ ला प्रत्येक राज्याचा आकडा तोच राहणार, कारण नवी वाटणी २०३० च्या जनगणनेनंतर. डेमोक्रॅटने ती २२६ राखली, असं धरा. त्यात पेनसिल्व्हेनियाची १९, मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० मिळवा. बेरीज बरोबर २७०. आता आणखी जवळून बघा. नेब्रास्का आणि मेन ही दोन राज्यं आपली काही मतं काँग्रेसच्या मतदारसंघांप्रमाणे वाटतात, आणि त्या २२६ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या मतदारसंघाचं एक मत आहे. तेवढं एक घसरलं तर दोन्हीकडे २६९. मग निवड प्रतिनिधीगृहात जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, कॅलिफोर्नियालाही एक आणि वायोमिंगलाही एक. मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवलं की वर्ग गप्प होत असे, आणि मग प्रश्नांवर प्रश्न येत. म्हणून कुठल्याही नावापुढे पहिला सवाल हा लिहा: हा माणूस पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनमध्ये मतं घेईल का? दक्षिणेचा आणि पश्चिमेचा रस्ता धरायचा तर जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिनाची प्रत्येकी १६ आहेत, ॲरिझोनाची ११, नेवाडाची ६.

उमेदवारी ठरते ती प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानात, आणि तिथे क्रमाला फार किंमत असते. २०२० मध्ये बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. अनेकांनी त्यांना मोडीत काढलं होतं. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना उचललं आणि चित्रच पालटलं. म्हणजे कोणत्या राज्याचा नंबर कधी आणि तिथले मतदार कोण, हे कळल्याशिवाय उमेदवाराबद्दल बोलू नये. पक्ष हा क्रम बदलतात, तेव्हा वेळापत्रक जाहीर झालं की ते पान नव्याने लिहा.

जनमत चाचण्या दोन वर्षं आधी बघून हुरळू नका. २००७ मध्ये न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी रिपब्लिकन चाचण्यांत देशभर आघाडीवर होते. पुढे एकही राज्य त्यांच्या हाती लागलं नाही. त्याउलट २७ जुलै २००४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या बॉस्टनच्या अधिवेशनात भाषण करणारे बराक ओबामा तेव्हा इलिनॉय राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. साडेचार वर्षांत ते व्हाइट हाउसमध्ये होते. म्हणून वहीत एक ओळ "यादीत नसलेला कुणीतरी" अशी ठेवाच, आणि तिला भरपूर गुण द्या.

जुन्या इतिहासाचा आधार जपून घ्या. ट्रम्प यांच्याआधी मध्ये खंड पडून दोनदा अध्यक्ष झालेला एकच माणूस, ग्रोव्हर क्लीव्हलंड. त्यांची दुसरी कारकीर्द संपताना, १८९६ मध्ये, त्यांचा पक्ष हरला. वाचायला छान आहे, पण एका उदाहरणाचा नियम होत नाही.

आता नावं. शंभर गुण घ्या आणि वाटा. आज माझी वाटणी अशी आहे: व्हान्स ३०, दुसरा कुणी रिपब्लिकन १५ (त्यात ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ आले), पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो १२, कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम १२, आणि उरलेले ३१ बाकीच्या डेमोक्रॅटांना, ज्यांतल्या काहींची नावं आपल्याकडे अजून कुणी ऐकलेलीही नाहीत. शापिरोंना मी एवढे गुण देते ते त्यांच्या राज्याच्या १९ मतांसाठी. न्यूसम यांच्याकडे पैसा आणि प्रसिद्धी भरपूर, पण कॅलिफोर्नियातून आजवर एकही डेमोक्रॅट अध्यक्ष झालेला नाही, म्हणून त्याहून जास्त देववत नाही. प्रत्येक आकड्यापुढे कारण आणि तारीख लिहा. कारण लिहिलं नसेल तर नंतर आपण काय चुकलो ते सापडत नाही, आणि माणूस "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणायला मोकळा होतो.

वही उघडायच्या वेळा ठरलेल्या ठेवा. ३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीनंतर (ही अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणारी काँग्रेसची ठरलेली निवडणूक) एकदा, शापिरोंचा गव्हर्नरपदाचा निकालही त्याच दिवशी आहे. २०२७ च्या सुरुवातीला एकदा, तेव्हा न्यूसम पदावरून मोकळे झालेले असतील आणि उमेदवाऱ्या जाहीर व्हायला लागतील. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त पैसे जमवले किंवा खर्च केले की उमेदवाराला निवडणूक आयोगाकडे नोंद करावी लागते. भाषणांपेक्षा त्या नोंदी बघा. मग २०२८ च्या प्रायमरींत दर निकालानंतर. मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला, मंगळवारी. आपल्याकडे बुधवारी सकाळी साडेसहाला पेनसिल्व्हेनियातलं मतदान संपेल आणि साडेसातला विस्कॉन्सिनमधलं. गुण बदलायचे असतील तर त्याच्या आधी बदला. मोजणी सुरू झाल्यावर वहीला हात लावू द्यायचा नाही, हा आमच्या वाचनालयातला नियम आहे.