नागपूरच्या ७१२ ची गणिती तपासणी कशी करायची

नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. पुढचं शून्य फोन लावण्यापुरतं, तपासायची संख्या आहे ७१२. संगणकात हेच शून्य नडतं. सी भाषेत आकड्यांत ०७१२ लिहिलं, तर ती संख्या अष्टमान (८ च्या पायावरच्या) पद्धतीतली समजली जाते आणि किंमत ४५८ निघते. कोड साठवायचा असेल तर मजकूर म्हणून साठवा.

सुरुवात मूळ अवयवांपासूनच करा, पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. २ ने भागत जा: ३५६, १७८, ८९. आता ८९ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ साडेनऊच्या आत, म्हणून २, ३, ५, ७ एवढ्यांनीच भागून पाहायचं. एकानेही भाग जात नाही. तेव्हा ७१२ = २³ × ८९. ‘८ × ८९’ वर थांबू नका. ८ मूळ नाही, आणि तिला मूळ धरलं की विभाजक ८ ऐवजी ४ च मोजले जातात.

विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ४ × २ = ८. ते असे: १, २, ४, ८, ८९, १७८, ३५६, ७१२. बेरीज (१+२+४+८) × (१+८९) = १३५०. यातून ७१२ वजा केले की ६३८ उरतात. ते ७१२ पेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या; जास्त असते तर ‘अधिक’ ठरली असती. वजाबाकी विसरलात तर १ सोडून जगातली प्रत्येक संख्या ‘अधिक’ ठरेल!

दोन वर्गांची बेरीज होते का, ही सगळ्यात मजेची कसोटी. ४ ने भागल्यावर ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. इथे तसा अवयवच नाही. ८९ ला ४ ने भागलं की १ उरतो. म्हणजे जोडी नक्की आहे. ८९ = ८² + ५². दुप्पट करताना त्यांची बेरीज आणि वजाबाकी घ्या: १७८ = १३² + ३². चौपट करताना दोन्ही पाया दुप्पट: ७१२ = २६² + ६².

हर्षद संख्या ही देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांची देणगी: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जायला हवा. इथे बेरीज १०, शेवटी २; नापास. शेजारची ७११ मात्र पास होते.

आनंदी संख्येसाठी अंकांच्या वर्गांची बेरीज करत राहा, शेवटी १ यायला हवा: ५४, ४१, १७, ५०, २५, २९, ८५, ८९. इथेच थांबा. ८९ आली की फेरा पुन्हा ८९ वरच येतो, १ कधीच मिळत नाही. योगायोग बघा, अडवलं ते स्वतःच्याच अवयवाने.

आता २ पासून ७३ पर्यंतच्या २१ मूळ संख्या मिळवा: बेरीज बरोबर ७१२. उत्तर ७१३ आलं तर १ ला मूळ धरलंय; त्याहून बरंच जास्त आलं तर ५१ किंवा ५७ घुसलेत. वाटेत ५९ पाशी, म्हणजे १७ व्या मूळ संख्येला, बेरीज ४४० होते, आणि नागपूर शहराचे पिनकोड ४४० नेच सुरू होतात.

सरावाला हीच ४४० घ्या. २³ × ५ × ११. विभाजक १६, स्वतःला सोडून त्यांची बेरीज ६४०, म्हणून अधिक संख्या. अंकांची बेरीज ८, भागाकार ५५, म्हणून हर्षद. ३२, १३, १०, १: आनंदीही. दोन वर्गांत मात्र ती मांडता येत नाही, कारण ११ ला ४ ने भागलं की ३ उरतात आणि ११ एकदाच आला आहे.