डॉग ट्रेनर कामाचा आहे की नुसता बोलघेवडा, हे कसं ओळखायचं

आधी एक गोष्ट माहीत असू द्या, बहुतेक देशांत डॉग ट्रेनर व्हायला लायसन लागतच नाही. आज कार्ड छापलं की उद्यापासून ट्रेनर, आणि नावापुढे 'बिहेविअरिस्ट' (वर्तनतज्ज्ञ) लावलं तरी कोणी अडवत नाही. म्हणून भिंतीवरची फ्रेम बघून भारावून जाऊ नका, ती मिळवायला काय काय करावं लागलं ते विचारा. दोन दिवसांच्या वर्कशॉपला हजेरी लावली की सर्टिफिकेट मिळतं आणि परीक्षा देऊनही मिळतं, दोन्ही फ्रेममध्ये सारखीच दिसतात. सीपीडीटी-केए या डॉग ट्रेनरच्या सर्टिफिकेटसाठी मागच्या ३ वर्षांत किमान ३०० तास शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, मग परीक्षा, आणि दर ३ वर्षांनी ते टिकवावं लागतं. पण त्यातलं 'केए' म्हणजे ज्ञान तपासलंय, हात नाही. प्रत्यक्ष काम तपासतात ते सीपीडीटी-केएसए हे सर्टिफिकेट वेगळं. आणि नुसती एखाद्या संघटनेची मेंबरशिप म्हणजे बऱ्याचदा फी भरलेली असते, एवढंच. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साइटवर ट्रेनरचं नाव सापडतंय का ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग फोनवरच तीन गोष्टी विचारा. कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, चुकलं तर काय करता, आणि चुकल्यावर जे करता त्याहून कमी त्रासाचा काही मार्ग आहे का. चांगला ट्रेनर सरळ सांगतो: खाऊ देतो, खेळायला देतो, चुकलं तर बक्षीस मिळत नाही आणि मी काम सोपं करतो. 'एनर्जी', 'करेक्शन', 'बॅलन्स' असे गोलमोल शब्द आले तर करेक्शन म्हणजे नेमकं काय, हाताने काय करता, गळ्यात काय घालता, असं खोदून विचारा, लाजू नका. 'तुम्ही अल्फा व्हा', म्हणजे कळपाच्या म्होरक्यासारखे कुत्र्यावर हुकूम गाजवा, म्हणाला तर मी तिथेच फोन ठेवते. ही कल्पना पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या १९४७ च्या निरीक्षणातून पसरली, आणि जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय. वेटरनरी बिहेविअरवाल्यांची अमेरिकन संघटना एव्हीएसएबी २०२१ पासून स्पष्ट सांगतेय की सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेलंच ट्रेनिंग वापरा, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा. आणि गॅरंटी देणारा तर नकोच, जिवंत प्राण्याची गॅरंटी कोण देणार?

हे मी एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण आम्ही चुकलो होतो. आमची कुत्री पाहुण्यांवर गुरगुरायची, ट्रेनरने दर गुरगुरीला चोक चेनचा (ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचा) झटका दिला आणि काही दिवसांत ती गप्प झाली, आम्ही खूश, वाटलं काय जादू आहे या माणसाच्या हातात. मग एक दिवस ती न गुरगुरता थेट चावली. भीती तशीच होती, फक्त इशारा देणं बंद झालं होतं. तेव्हापासून गप्प कुत्रा म्हणजे शिकलेला कुत्रा असं मी मानत नाही.

म्हणून पैसे भरायच्या आधी एक क्लास बघायला जा, आपला कुत्रा घरी ठेवून. बघू देत नसतील तर विषय संपला. तिथे ट्रेनरकडे नाही, कुत्र्यांकडे बघा. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, खाऊ नाकारणं, ही ताणाची लक्षणं आहेत. एखादा कुत्रा घाबरला तर ट्रेनर अंतर वाढवतो का त्याला तिथेच दामटून बसवतो, यात त्याचं सगळं कौशल्य कळतं. शिवाय तो माणसांना कसं शिकवतो तेही बघा, कारण कुत्रा शेवटी तुमच्यासोबत राहणार आहे, ट्रेनरचं ऐकून तुमचं ऐकत नसेल तर काय उपयोग. कुत्रा ठेवून घेऊन शिकवतात तिथे मी अजिबात जात नाही, बंद दाराआड काय चालतं ते आपल्याला दिसत नाही.

वागणं अचानक बदललं असेल तर आधी डॉक्टरकडे जा, दुखण्यामुळेही कुत्रे चावतात. चांगला ट्रेनर हे स्वतःच विचारतो, आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर दुसऱ्याकडे पाठवतो.

एवढं करूनही खात्री नसेल तर एकच सेशन घ्या आणि दुसऱ्या वेळी ट्रेनर दारात आला की कुत्रा काय करतो ते बघा, शेपूट हलवत धावत जातो की सोफ्यामागे जाऊन बसतो.