आईला युरोपला नेताय? मग या चुका टाळा

जानेवारी उजाडला की मला ठरावीक फोन सुरू होतात. "अगं, यंदा उन्हाळ्यात आईला युरोप दाखवायचाय. तू नेलं होतंस ना? जरा सांग." मी सांगते. समोरची व्यक्ती "हो, हो" म्हणत सगळं ऐकून घेते आणि नको म्हणून घसा कोरडा केलेल्या गोष्टी नेमक्या जूनमध्ये करून येते. म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी फोनवर बोलणार नाही, हेच पाठवून देईन.

माझी आई ६९ वर्षांची, राहणार सांगली, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. गुडघे कुरकुरतात, बीपीची एक गोळी रोज. आम्ही दोघी दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा येत्या जूनमध्ये निघतोय.

सरप्राइज देणं

हे माझं सगळ्यात नावडतं खूळ. मी स्वतः केलंय, म्हणून अधिकाराने बोलते. २०२४ च्या मार्चमध्ये आईच्या वाढदिवसाला साडीच्या खोक्यात साडीऐवजी विमानाची तिकिटं ठेवली. १२ जुलैला जायचं, २४ ला परत. आईने खोकं उघडलं, डोळे पुसले, भावाने व्हिडिओ काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. मी हवेत.

चार दिवसांनी मावशीचा फोन. "तिला तुझ्यापाशी बोलवत नाहीये, म्हणून मी सांगते. १७ जुलैला आषाढी आहे."

आषाढीला आईच्या भजनी मंडळाचा विठ्ठलाच्या देवळात कार्यक्रम असतो आणि पेटी आई वाजवते. त्याच दिवशी चातुर्मास सुरू होतो, आणि चातुर्मासात आई कांदा, लसूण, वांगं खात नाही. पॅरिसमध्ये शाकाहारी जेवण शोधलं तर मिळतं. कांदा-लसूण नसलेलं शाकाहारी शोधायला गेलात तर आठवडाभर पाव आणि लोणी. आईला विचारलं तर म्हणाली, "तुला जमेल ते बघ गं. माझं काय, मी केळ्यांवर राहीन." तारखा बदलल्या. माणशी साडेअकरा हजारांचा भुर्दंड. २४ जूनला निघून ६ जुलैला परत यायचं ठरलं.

पैसे गेले त्याचं फार काही नाही. पण तारखांच्या निमित्ताने आखणी उघडली गेली, आणि कळलं की पॅरिसच्या चार दिवसांतला एक मी डिस्नेलँडला दिला होता. साठी उलटलेल्या बाईला! आईने ३१ वर्षं फळ्यावर वली पर्वत काढलेत. "हिमालय, आल्प्स, रॉकी, अँडीज" हे पालुपद आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ आहे. तिला आल्प्स बघायचा होता. बाकीचा युरोप असला काय, नसला काय. मी विचारलंच नव्हतं.

शिवाय सरप्राइज शेवटपर्यंत लपूनही राहत नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) आईला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं (आधीचे ठसे ५९ महिन्यांच्या आतले असतील तर सुटका होऊ शकते). आणि आपल्या आयांची निम्मी सहल निघण्याआधीच होते, हे मुलांच्या लक्षात येत नाही. नकाशा उलगडून बसणं, बॅग कुणाकडे मागायची यावर खल, भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना "मुलगी नेतेय" हे सांगणं. ऐन वेळी पाकीट हातात ठेवून आपण ते चार महिने खाऊन टाकतो.

आता माझी पद्धत अशी. जानेवारीत भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर आणते. पेन आईच्या हातात. आधी तिच्या तारखा: एकादश्या, श्राद्ध, भिशी, कुणाचं तरी बारसं. उरेल त्यात माझी सुट्टी बसवायची. मग "कुठे जायचं?" असं विचारत नाही, "काय बघायचंय?" असं विचारते. पहिलं उत्तर येतं "काहीही चालेल". ते धरायचं नाही. पुन्हा विचारलं की "तू म्हणशील ते". तेही सोडून द्यायचं. तिसऱ्यांदा मेथी निवडताना सहज विषय काढायचा. तेव्हा आई म्हणाली, "ऱ्हाईनवर एक धबधबा आहे ना गं? पुस्तकात होता."

आहे. स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउसेनजवळ. २३ मीटर उंच, १५० मीटर रुंद. उंचीत आपल्या ठोसेघरपुढे लिंबूटिंबू. आई त्याच्यासमोर पाऊण तास उभी होती, एकही फोटो न काढता.

व्हिसाचा चोरदरवाजा

दरवर्षी कुणाला तरी कुणीतरी सांगतं, "अमक्या देशाची अपॉइंटमेंट लगेच मिळते, तिथून टाक." नियम साधा आहे: ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. खोट्या हॉटेल बुकिंगवर दुसऱ्याच देशाचा व्हिसा काढून नंतर बुकिंग रद्द करणारे मला भेटतात, आणि वर "सगळेच करतात" म्हणतात. माझ्या एका मैत्रिणीने हेच केलं. उतरल्यावर सीमेवरच्या माणसाने शांतपणे हॉटेलांचे कागद मागितले. तिची ७२ वर्षांची आई पाऊण तास उभी, आणि मुलगी काय बोलतेय हे न कळून रडवेली. सुटल्या शेवटी. पण त्या माउलीने पुढचे दहा दिवस पासपोर्टची पिशवी छातीशी धरून काढले.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. जूनसाठी एप्रिलच्या शेवटी जागं होणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. विम्याच्या अर्जात बीपी, शुगर लपवू नका. चार पैसे वाचतील आणि गरजेच्या वेळी दावा नाकारला जाईल.

त्याआधी आईचा पासपोर्ट उघडून बघा. संपायची तारीख तर बघाच (परतल्यावर तीन महिने शिल्लक हवेत), पण नावही बघा. पासपोर्टवर माहेरचं, बँकेत सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी आहे. दुरुस्तीला वेळ लागतो.

"स्टेशनपासून ११ मिनिटं"

हे वाक्य वाचलं की आता माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्नला जुन्या गावातलं हॉटेल घेतलं होतं. स्टेशनपासून ११ मिनिटं, रात्रीमागे ३० फ्रँक स्वस्त. मी खूश. ११ मिनिटं कुणाची? बारीक पाठपिशवी लावलेल्या पंचविशीतल्या मुलाची. आमच्याकडे दोन मोठ्या बॅगा, वाटेत दगडी फरसबंदी, तिच्यावर चाकांचा खडखडाट, आणि आईच्या पायात चार दिवसांपूर्वी घेतलेले कोरे करकरीत बूट. दर वळणावर "अजून किती?" आणि माझं "हे काय, आलंच." पोहोचायला ४० मिनिटं लागली. हॉटेलला लिफ्ट होती, पण ती नऊ पायऱ्या चढल्यावर सुरू व्हायची.

खोलीत आईने बूट काढले तर दोन्ही टाचांना बेडकीएवढे फोड. दुसऱ्या दिवशी रिगी डोंगरावर जायचं होतं. तो दिवस आईने पाय बादलीत (खरं तर कचऱ्याच्या डब्यात, बादली कुठून आणणार) सोडून खिडकीतून तळं बघण्यात काढला. रात्रीमागे ३० फ्रँक वाचवले होते मी.

तेव्हापासून बूट निघायच्या दोन महिने आधी घ्यायचे, हा आमचा कायदा. साडीवर बूट घालायला आई लाजायची. आता सांगलीच्या आमराई बागेत रोज संध्याकाळी तशीच चालते आणि तिच्या मैत्रिणींपैकी दोघींनी तसेच बूट आणलेत. नकाशातल्या मिनिटांना मी अडीचने गुणते. हॉटेल स्टेशनच्या उंबऱ्याशी असेल तर महाग पडलं तरी घेते, आणि बुक करण्याआधी दोनच प्रश्न विचारते: लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, आणि एसी आहे का? "युरोपात कशाला एसी" म्हणणाऱ्यांसाठी: २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान होतं, आणि तिकडच्या जुन्या इमारतींत छताला पंखासुद्धा नसतो.

११ दिवसांत सात देश हा प्रकारही याच वर्गातला. बसमधून युरोप बघायचा असेल तर घरी टीव्ही आहे. आम्ही एका गावात पाच-पाच रात्री राहतो आणि रोज गाडीने जाऊन येतो.

डोंगरांचंही सांगते. सगळ्यांना स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीतच जायचं असतं, कारण शेजारचे गेले होते. ते ३,४५४ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. गाडीतून झपकन तिथे पोहोचल्यावर धाप लागते, डोकं दुखतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझं मत विचाराल तर आईसाठी रिगीच. उंची १,७९८ मीटर, म्हणजे कळसूबाईहून थोडं वर. लुत्सर्नहून बोटीने फिट्स्नाऊपर्यंत, तिथून दातेरी रुळांची गाडी. ही गाडी १८७१ सालापासून चालते, युरोपातली पहिली डोंगरगाडी. स्विस ट्रॅव्हल पासवर (पर्यटकांसाठीचा प्रवासाचा पास) बोट आणि गाडी दोन्ही येतात. फोड बरे झाल्यावर आम्ही गेलोच, तिसऱ्या दिवशी. वर समोर आल्प्सची रांग उघडली. आईने बोटाने हवेत एकेक शिखर गिरवलं, फळ्यावर गिरवायची तसं.

आंबे

मे महिन्यात निघणाऱ्या प्रत्येक मराठी बाईच्या बॅगेत कुणीतरी हापूस घालतंच. बाहेरून युरोपियन युनियनमध्ये येणाऱ्या प्रवाशाला कागदपत्रांशिवाय नेता येणारी ताजी फळं पाचच: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. आंबा नाही. फळमाशीच्या भानगडीत २०१४ मध्ये तर त्यांनी आपल्या आंब्याची आयातच बंद केली होती, २०१५ मध्ये पुन्हा उघडली. दूध आणि मांसाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे पेढे आणि तुपाची बरणी घरीच. मावशीने दिलेले सहा देवगड हापूस आम्ही निघायच्या रात्री अकरा वाजता ठाण्याला भावाच्या ओट्यापाशी उभ्याने संपवले. विमानात जेवण घेतलं नाही.

भाजणी, मेतकूट, चटण्या खुशाल न्या. हॉटेलच्या खोलीत मात्र काही शिजवू नका. धुराची घंटा वाजते आणि अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं.

बाकीच्या, भराभर

गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं. आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या केमिस्टला कळत नाही आणि बीपीची गोळी चिठ्ठीशिवाय तो देत नाही.

आई पाणी पीत नाहीये, इकडे लक्ष ठेवा. स्वच्छतागृह शोधावं लागतं, त्याला युरो पडतो, तिथे पाणी नसतं, म्हणून त्या तहान मारतात आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन बसतात. माझ्या पर्समध्ये सुट्ट्या नाण्यांचा बटवा आणि एक रिकामी बाटली कायम असते. मी आधी म्हणते, "मला जायचंय, चल."

विमानतळावर व्हीलचेअर फुकट असते, ४८ तास आधी सांगायची. "मी काय म्हातारी झालेय?" हे ऐकून घ्यायचं आणि तरी सांगायची.

मधला थांबा दीड तासाचा घेऊ नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, रांगा लांबतात. मी तीन तास ठेवते.

मेट्रोचं दार मध्येच बंद झालं तर काय, हे घरीच ठरवा. आमचा ठराव: राहिलेलीने हलायचं नाही, पुढे गेलेलीने परत यायचं. पॅरिसला एकदा वेळ आली. सात मिनिटांनी परत आले तर आई बाकावर बसून एका फ्रेंच आजीला खाकरा देत होती.

सरकत्या जिन्याचा सराव मॉलमध्ये करा, निऱ्या हातात धरून.

कार्डाच्या यंत्राने "रुपये की युरो" विचारलं तर युरो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक.

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. दरवर्षी कुणीतरी मंगळवारी जातंच.

जूनअखेर पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आई दिवेलागणीची वाट बघत जागी राहते आणि पहाटे पाचला उठते. जाड पडदे ओढून नऊला रात्र झाल्याचं जाहीर करा.

आणि एवढ्या लवकर बॅग भरू नकोस, असं आईला अजिबात म्हणू नका. आमची बॅग एप्रिलपासून सांगलीच्या माजघरात उघडी पडलेली आहे. रोज काहीतरी आत जातं, काहीतरी बाहेर येतं. काल फोनवर म्हणाली, भाजणी दळून आणली, बूट मऊ झालेत, तुळशीला पाणी घालायचं तेवढं कुणाकडे द्यावं ते ठरत नाहीये. निघायला ५३ दिवस आहेत म्हणाली. मी मोजले नव्हते.