या चुका टाळा : बॅकअपची डिस्क संगणकाला कायम लावून ठेवू नका

"बॅकअप आहे हो, डिस्क कायम लावलेलीच असते." गोव्यातल्या दुकानांचे आणि हॉटेलांचे संगणक सांभाळताना हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशातल्या एका बांधकाम सामानाच्या व्यापाऱ्याचा फोन आला. टॅली, म्हणजे त्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडेना. जाऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेलं आणि फोल्डरागणिक खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची डिस्क मागे लावलेलीच होती, तिचीही तीच गत. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, संगणकाला दिसणारा प्रत्येक ड्राइव्ह धरतो, नेटवर्कवरचे शेअर केलेले फोल्डरसुद्धा. जीएसटी पोर्टलवरच्या विवरणपत्रांवरून खरेदी-विक्रीचे आकडे बरेचसे जुळवता आले. गिऱ्हाइकांकडची उधारी मात्र फक्त टॅलीत होती. कोणाकडे किती येणं आहे, हे त्या माणसाला दारोदार विचारत फिरावं लागलं.

चोर शिरला कुठून? घरून बिलं करता यावीत म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉपचं (दुरून संगणक चालवायच्या सोयीचं) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं, आणि पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढे १२३. दहा मिनिटांत काम उरकून देणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायचा सुरक्षित खासगी मार्ग, बसवायला अर्धा दिवस जातो, तो द्या.

माझी सवय सांगतो. दोन डिस्क, एक सोमवारची, एक गुरुवारची. कॉपी झाली की डिस्क काढायची. एक कपाटात, दुसरी मालकाच्या घरी. दर महिन्याला बॅकअपमधली टॅली दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची. न उघडलेल्या बॅकअपवर मी भरवसा ठेवत नाही. क्लाउडला सिंक होणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, बिघडलेली फाइल तिकडेही पोचते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते आजच तपासा.

अपडेट पुढे ढकलू नका. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

होमस्टेवाल्यांनो, पाहुण्यांचे पासपोर्ट स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

पुरवठादाराचा बँक खातं बदलल्याचा मेल आला तर त्याच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवा.

आणि हल्ला झाल्यावर घाईने फॉरमॅट मारू नका. आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, चिठ्ठीचा फोटो घ्या. सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सहा तासांच्या आत कळवायचा नियम आहे. बिघडलेल्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. काही रॅन्समवेअरने बंद केलेल्या फाइली उघडायच्या किल्ल्या पुढे 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. म्हापशाच्या त्या फाइली मी अजून जपून ठेवल्या आहेत, अधूनमधून तिथे तपासतो.