छोटा आणि कमी स्पेकचा टॅब घ्यावा का? ठरवायचं कसं

छोटा टॅब आणि कमी स्पेकचा (म्हणजे प्रोसेसर, मेमरी वगैरे बेताचं असलेला) टॅब या खरं तर दोन वेगळ्या गोष्टी, पण बहुतेक वेळा त्या जोडीनेच येतात म्हणून आपण विचारही एकत्रच करतो आणि तिथेच घोळ होतो. आकार हा सोयीचा प्रश्न आहे, कुणाला ८ इंच अगदी हातात बसल्यासारखा वाटेल, कुणाला नाही. कमी स्पेक ही मात्र तडजोड, आणि तिच्यातही दोन जाती आहेत: एक पहिल्याच दिवशी दिसते आणि आपण सवय करून घेतो, दुसरी सुरुवातीला अजिबात जाणवत नाही आणि वर्षभरात टॅब ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. छोटा म्हणजे कमजोरच असं काही नाही हे आधी डोक्यात घ्या, २०२४ चा आयपॅड मिनी ८.३ इंचीच आहे पण त्यात ए१७ प्रो चिप (म्हणजे प्रोसेसर) आणि ८ जीबी रॅम (चालू अ‍ॅप्स धरून ठेवणारी मेमरी) आहे, आणि उलट ११ इंची असून फोनपेक्षा हळू चालणारे टॅबही ढिगाने मिळतात. म्हणून आधी आकाराचं ठरवा, मग स्पेककडे या.

आकाराचं बघताना इंचांवर जाऊ नका. ८ आणि ११ मध्ये तीनच इंचांचा फरक वाटतो, पण तो कर्ण आहे, क्षेत्रफळ काढलं तर १६:१० (लांबी-रुंदीचं प्रमाण) च्या स्क्रीनमध्ये ८ इंची टॅब ११ इंचीच्या जेमतेम निम्मा भरतो. आता दुसऱ्या बाजूने बघा, तुमच्याकडे ६.७ इंची लांबुळका फोन आहे, मग ८ इंच म्हणजे सव्वा इंचच जास्त, काय उपयोग असं वाटतं ना? पण फोन २०:९ असतो आणि व्हिडिओ बहुतेक १६:९, त्यामुळे फोनवर दोन्ही कडांना काळे पट्टे जातात आणि प्रत्यक्ष चित्र लहान होतं. ८ इंची टॅबवर तोच व्हिडिओ जवळजवळ दुप्पट जागेत दिसतो. म्हणजे व्हिडिओ बघायला छोटा टॅब फोनपेक्षा नक्कीच वेगळा अनुभव देतो, उगाच नाव ठेवायला नको.

वाचनाचं गणित मात्र वेगळं आहे. ८ इंची टॅब उभा धरला की स्क्रीनची रुंदी साधारण ११ सेंटीमीटर, म्हणजे ए६ कागदाएवढी. ११ इंची टॅबची १५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ए५ एवढी. तुमची पीडीएफ ए४ ची असेल तर छोट्या टॅबवर ती निम्म्या आकारात दिसणार, १२ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं होणार, हे औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरासारखं वाचावं लागतं. टॅब आडवा केला की रुंदी १७ सेंटीमीटर मिळते आणि पीडीएफचे समास कापले तर अक्षर जवळपास मूळ आकाराचं होतं, पण मग एका पानासाठी दोन-तीनदा स्क्रोल करा. कादंबरी वाचायला हरकत नाही, दोन कॉलमचा रिसर्च पेपर किंवा आकृत्यांचं क्रमिक पुस्तक असेल तर दोन दिवसांत वैताग येतो. ईपब फाइल असेल तर हा प्रश्नच नाही, अक्षर हवं तेवढं मोठं करा, मजकूर आपोआप नव्याने मांडला जातो.

हे सगळं विकत न घेता तपासता येतं. कंप्युटरवर तुमची नेहमीची पीडीएफ उघडा, झूम कमी करत करत पानाची रुंदी पट्टीने मोजून ११ सेंटीमीटर करा, आणि हातभर अंतरावरून सलग दहा-पंधरा पानं वाचा. एक पान नाही, दहा-पंधरा. डोळे आखडले तर उत्तर मिळालं. व्हिडिओसाठी १७ बाय ११ सेंटीमीटरचा पुठ्ठा कापून जिथे टॅब ठेवणार तिथे ठेवून बघा, पुठ्ठा बघून घरातले हसतील, हसू देत.

अजून एक गोष्ट, घरातल्या वयस्कर माणसासाठी घेत असाल तर छोटा टॅब शक्यतो नकोच. त्यांना फॉन्ट मोठा लागतो, आणि फॉन्ट मोठा केला की ८ इंचात चार ओळी उरतात, बटणं एकमेकांवर चढतात. वजन कमी म्हणून आपण छोटा घेतो, पण त्यांची अडचण वजनाची नसते, दिसण्याची असते. हां, झोपून एका हाताने वाचणाऱ्या माणसाला मात्र वजनच महत्त्वाचं, आयपॅड मिनी ३०० ग्रॅमच्या आत आहे आणि ११ इंची टॅब साधारण ४८० ग्रॅमच्या आसपास, अर्ध्या तासाने मनगट तो फरक सांगतंच.

टायपिंग आणि दोन अ‍ॅप शेजारी शेजारी, याबाबतीत छोट्या टॅबकडून अपेक्षाच ठेवू नका. आडवा धरला की कीबोर्ड अर्धी स्क्रीन खातो. अँड्रॉइडमध्ये अजून एक भानगड आहे, बरीच अ‍ॅप्स रुंदी ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं माप) किंवा जास्त असेल तरच टॅबवाली मांडणी दाखवतात, आणि छोटे टॅब अगदी त्या काठावर असतात, त्यामुळे कधी कधी फोनचंच अ‍ॅप ताणून मोठं केल्यासारखं दिसतं. क्लास चालू ठेवून बाजूला नोट्स काढायच्या असतील तर इथेच थांबा, मोठा टॅब बघा.

आकार पटला असेल तर आता स्पेक. यातही सगळ्या आकड्यांच्या मागे लागायची गरज नाही, कॅमेरा सोडून द्या, रिफ्रेश रेट सोडून द्या (९० हर्ट्झ छान वाटतो पण कमजोर चिपवर तो कागदावरच राहतो), बेंचमार्कच्या व्हिडिओत तर जाऊच नका. मला विचाराल तर चारच ठिकाणी अडून बसायचं: रॅम, स्टोरेज, अपडेट आणि स्क्रीन.

रॅम ४ जीबीच्या खाली घेऊ नका, आणि वर्षानुवर्षं वापरायचा असेल तर ६ किंवा ८ बघा. ४ जीबीत टॅब चालतो, पण ब्राउझरमध्ये चार पानं उघडून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात आणि परत आलात की पान नव्याने लोड होतं, अर्धवट भरलेला फॉर्म गेला. जाहिरातीत "१२ जीबी रॅम" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ४+८, त्यातले ८ म्हणजे व्हर्च्युअल रॅम, म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅम म्हणून वापरणार. खरी रॅम ४ च. आणि स्वस्त टॅबचं स्टोरेज स्वतःच हळू असतं, त्यामुळे त्या ८ चा उपयोग सांगण्यापुरताच.

स्टोरेजकडे लोक फक्त किती जीबी एवढंच बघतात, पण कोणत्या जातीचं आहे ते जास्त महत्त्वाचं. कमी स्पेकच्या टॅबमध्ये बहुतेक ईएमएमसी असतं, वरच्यांमध्ये यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं, यूएफएस दोन्ही एकदम करतं. म्हणून मागे अ‍ॅप अपडेट होत असताना स्वस्त टॅबवर साधं स्क्रोलिंगही अडखळतं, आणि आपण दोष देतो प्रोसेसरला. त्यात स्टोरेज भरत आलं की अजून वाईट होतं. २०१२ चा नेक्सस ७ आठवतोय का, ७ इंची, त्या काळी सगळ्यांना आवडलेला, पण काही महिन्यांनी स्टोरेज भरलं की इतका रेंगाळायचा की २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ ने ट्रिम (खोडलेल्या फाइलींची जागा स्टोरेजमध्ये खरोखर मोकळी करायची सोय) आणलं तेव्हा कुठे जरा हलका झाला. ट्रिम आता सगळीकडे असतं, तरी हळू स्टोरेज ते हळूच. ६४ जीबी ही कमीत कमी मर्यादा धरा, त्यातूनही सिस्टीम आणि आधीच कोंबलेली अ‍ॅप्स चांगला लचका तोडतात. मेमरी कार्डचा स्लॉट असला तर सिनेमे आणि पुस्तकं त्यावर टाका, पण अ‍ॅप्स त्यावर जातील असं गृहीत धरू नका, बऱ्याच कंपन्या ती सोय बंदच ठेवतात.

अपडेटचा मुद्दा सगळ्यात कंटाळवाणा आणि टॅब किती वर्षं टिकेल ते ठरवणारा. पहिला आयपॅड मिनी २०१२ मध्ये आला तो आदल्या वर्षीची ए५ चिप आणि ५१२ एमबी रॅम घेऊन, आणि आयओएस ९ वर अडकला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये आलेल्या मिनी २ मध्ये ए७ आणि १ जीबी रॅम होती, तो आयओएस १२ पर्यंत गेला. आकार तोच, एका वर्षाचा फरक, पण तीन व्हर्जन जास्त चालला. म्हणजे कमी स्पेक घेताना तुम्ही आजचा वेग कमी घेत नसता, शेवटची वर्षं कापून देत असता. अँड्रॉइडमध्ये कंपनीने त्या मॉडेलला किती वर्षं सिक्युरिटी अपडेट कबूल केलेत ते बघा, आणि ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही, त्यामुळे दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळतंय तर तेवढी वर्षं वजा करा. कंपनीने काहीच कबूल केलेलं नसेल तर शून्य धरा.

स्क्रीनमध्ये रेझोल्यूशन बघा, पण इंचाच्या हिशोबाने. ८ इंचात १२८० बाय ८०० म्हणजे इंचाला १८९ पिक्सेल, १०.१ इंचात तेच रेझोल्यूशन १४९ वर येतं, म्हणजे कमी स्पेकमध्ये छोटा टॅबच जास्त रेखीव दिसतो, ही छोट्याच्या बाजूची गोष्ट. आयपॅड मिनीचे ३२६ आहेत, ते वेगळंच प्रकरण. मराठी वाचणार असाल तर इंग्रजी पान उघडून स्क्रीन तपासू नका, जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार असलेला बारीक मजकूर उघडा. कमी पिक्सेलवर सगळ्यात आधी तेच एकमेकांत मिसळतात. ब्राइटनेस ऑटोवर टाकायची सोय आहे का तेही बघा, अगदी स्वस्त टॅबमध्ये लाइट सेन्सरच नसतो आणि मग दिवसभर हातानेच वर-खाली करत बसावं लागतं.

सिनेमे बघायला घेताय तर वाइडव्हाइन एल१ (सिनेमांची कॉपी रोखणाऱ्या यंत्रणेची वरची लेव्हल) आहे का हे नक्की विचारा. खालची लेव्हल, म्हणजे एल३ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असू द्या, नेटफ्लिक्ससारख्या सर्व्हिस ४८० पी च्या वर जाऊ देत नाहीत. यूट्यूबला याचा त्रास होत नाही, म्हणून दुकानात यूट्यूब लावून सगळं मस्त दिसतं आणि घरी आल्यावर सिनेमा धूसर. डीआरएम इन्फो नावाचं छोटं अ‍ॅप टाकलं की लेव्हल समजते. नेटफ्लिक्सला तर एल१ बरोबरच ते मॉडेल त्यांच्याकडे मान्य झालेलं लागतं, तेव्हा शक्य असेल तर त्याच अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकची माहिती उघडून बघा.

प्रोसेसरचं एकच सांगतो. "ऑक्टाकोर" (म्हणजे आठ कोअर, प्रोसेसरमधले काम करणारे आठ भाग) या शब्दावर काही ठरवू नका, आठही कोअर कॉर्टेक्स ए५३ चे असतील तर ते २०१२ साली जाहीर झालेलं डिझाइन आहे, वीज कमी खातं पण एकेक काम हळू करतं. निदान दोन कोअर ए७५, ए७६ किंवा त्याच्या वरचे असतील तर रोजचं काम निभतं, उदाहरणार्थ हेलिओ जी९९ या प्रोसेसरमध्ये दोन ए७६ आणि सहा ए५५ आहेत. स्कॅन केलेली जुनी जाडजूड पुस्तकं वाचणार असाल तर हे लागतंच, प्रत्येक पान म्हणजे एक मोठा फोटो असतो आणि कमजोर चिपवर पान उलटलं की आधी पांढरं दिसतं, मग हळूहळू उमटतं.

बाकी किरकोळ: वायफाय ५ गिगाहर्ट्झ पकडतो का, चार्जिंग यूएसबी-सी आहे का, आणि नकाशे वापरणार असाल तर जीपीएस आहे का, कारण आयपॅडच्या फक्त-वायफायवाल्या मॉडेलमध्ये ते नसतं.

आता जुना पण वरच्या दर्जाचा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला) घ्यावा का? अपडेटची दोन-तीन वर्षं उरली असतील आणि बॅटरी बदललेली किंवा तपासलेली असेल तर मी नव्या कमजोर टॅबपेक्षा तोच घेईन, स्क्रीन आणि स्टोरेज दोन्हीत तो बाजी मारतो. अपडेट संपलेले असतील तर कितीही देखणा असला तरी नको, बँकेची अ‍ॅप्स आधी बंद पडतात.

आणि फोनवर जे करता तेच टॅबवर करायचं असेल, नवीन काही नाही, तर छोटा टॅब घेऊ नका राव, काही दिवसांनी फोनच हातात येतो. व्हिडिओ, ईपब, मुलांना थोडा वेळ, टेबलावर उभा करून ठेवायची जादा स्क्रीन, यासाठी कमी स्पेकचा छोटा टॅब पुरतो.

घेतलाच तर परत करायची मुदत संपायच्या आत त्याला छळा. सगळी अ‍ॅप्स टाका, स्टोरेज पाऊण भरा, मग अपडेट चालू असताना पीडीएफ वाचा आणि व्हिडिओ कॉल करा. सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा, अपडेट करूनही ती वर्षभर जुनी दिसत असेल तर खोक्यासकट परत पाठवा.