चाकं फिरवायच्या आदल्या संध्याकाळी

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गाडीची चाकं अदलाबदल करायची, म्हणजे टायर सारखी झिजावीत म्हणून पुढची मागे आणि मागची पुढे लावायची, तर सकाळी सातच्या आत. कारण नुसतं ऊन नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा असतो, तो थंड टायरचा. दुपारी तापलेल्या टायरात हवा चार-पाच पाउंड जास्त दिसते, आपण ती सोडून देतो, आणि मग कमी हवेचं टायर रस्त्यावर दबत, तापत पळतं. उन्हाळ्यात टायर फुटायचं हे मोठं कारण. म्हणून तयारी आदल्या संध्याकाळीच उरकायची.

आधी टायर वाचा. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन, जास्तीत जास्त ५६० किलो. लग्नाला गाडीत आठ जण कोंबणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा, ती आपल्या कामाची नाही. चार आकडी शिक्का मात्र शोधाच: २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं.

मग नक्षी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झालं समजा; ते मागे टाकून उपयोग नाही, बदला. एकाच कडेने झिजलं असेल तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, नीट करून घ्या.

आता जागा. अंगणात काळी माती असेल तर तिथे जॅक लावू नका. ती वरून टणक दिसते, पण वजन आलं की बसते. माझा जॅक असाच वाकडा झाला होता. चाक अजून काढलं नव्हतं म्हणून निभावलं. सपाट फरशी किंवा सिमेंटचा रस्ता बघा आणि जॅकखाली जाड फळी ठेवा. दोन विटा, पाना, हातमोजे, हवेचा गेज काढून ठेवा. स्टेपनीत हवा आहे ना, ते आजच बघा, कारण उद्या तिचंच काम आहे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं सरळ मागे जातात आणि मागची तिरकी पुढे येतात. घरी जॅक एकच असतो, म्हणून क्रम कागदावर लिहा. पुढचं डावं काढून तिथे स्टेपनी. ते डावं मागच्या डाव्या जागी. तिथून निघालेलं पुढे उजवीकडे. तिथलं मागे उजवीकडे. शेवटी मागचं उजवं पुढे डावीकडे, स्टेपनी परत डिकीत. पाच वेळा जॅक लागतो, पण गाडी एका वेळी एकाच कोपऱ्यावर उचललेली राहते. टायरवर बाण असेल, म्हणजे ते एकाच दिशेने फिरायचं असेल, तर हा क्रम विसरा. त्याच बाजूची पुढची-मागची तेवढी बदला.

सकाळी हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि जो कोपरा उचलायचा त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागचीच चाकं धरतो, म्हणून मागची बाजू उचलताना विटांवर जास्त भरवसा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, पण काढू नका. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच. पोरं लांब, आणि कुणाचाही हात-पाय गाडीखाली नको.

बसवताना नट आधी बोटांनी फिरवा, मग समोरासमोरचे आवळा. शेवटचा जोर गाडी खाली आल्यावर. पान्यावर उभं राहून नट आवळणारे खूप दिसतात. त्याने आटे जातात, आणि पुढे पंक्चर झालं की रस्त्यात तोच नट निघत नाही. पुढची-मागची हवा स्टिकरप्रमाणे पुन्हा जुळवा. परभणीहून जिंतूरला जाऊन आलात, म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर झाले, की चारही चाकांच्या नटांना परत एकदा पाना लावून बघा.